कानामागचा दुभाष्या

तासगावच्या बंदिस्त मैदानावर महिला कबड्डीच्या उपांत्य सामन्यातली शेवटची चढाई सुरू होती. गुण बरोबरीत होते. गौतमी खराडे समोरच्या अंगणात घुसली होती, चार जणी तिच्याभोवती साखळी करून सरकत होत्या आणि रेषेवर वाकून उभी असलेली पंच हर्षदा सूर्यवंशी फक्त एक गोष्ट ऐकत होती. गौतमीचं "कबड्डी कबड्डी कबड्डी."

ते एकाएकी थांबलं.

हर्षदानं शिट्टी फुंकली. दम तुटला, चढाईपटू बाद.

प्रेक्षक उठून उभे राहिले. गौतमी धावत तिच्यासमोर आली. तिचे ओठ भराभरा हलत होते आणि आता तिचा आवाजही हर्षदाला पुन्हा ऐकू येत होता. "मॅडम, दम नाही तुटला माझा! देवाशप्पथ नाही तुटला! व्हिडिओ बघा!"

व्हिडिओ बघितला गेला. दुसरे पंच म्हेत्रे सर कानाला हेडफोन लावून दोनदा ऐकत बसले, मग हर्षदाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "दम सलग आहे गं. कुठंच तुटलेला नाही."

निर्णय फिरवला, चढाई पुन्हा दिली. पण एकदा मोडलेली लय काही परत आली नाही. गौतमी पकडली गेली आणि तिचा संघ स्पर्धेबाहेर पडला.

सामन्यानंतर हर्षदा खेळाडूंच्या खोलीत गेली. गौतमी गुडघ्याला पट्टी बांधत होती.

"मी चुकले," हर्षदा म्हणाली.

"जाऊ द्या मॅडम. माणसाकडून होते चूक."

"माणसाकडून नाही झाली. माझ्या कानामागच्या यंत्राकडून झाली. ते नीट होईपर्यंत मी शिट्टी गळ्यात घालणार नाही."

गौतमीनं मान वर करून तिच्या उजव्या कानामागच्या करड्या डबीकडे पाहिलं. सगळा जिल्हा ती डबी ओळखत होता.

हर्षदा सत्तावीस वर्षांची असताना तिच्या दोन्ही श्रवणनसांवर गाठी निघाल्या होत्या. गाठी काढल्या, त्यांच्याबरोबर नसाही गेल्या. नेहमीचं कानातलं रोपण ध्वनी श्रवणनसेपर्यंत पोचवतं, पण इथं नसच उरली नव्हती. ती वर्षभर ठार बहिरी होती. त्या वर्षात ती ओठ वाचायला शिकली, आणि ओठांबरोबर चेहराही.

मग पुण्यातल्या एका कंपनीनं नवा उपाय काढला. ऐकण्याचं काम करणाऱ्या मेंदूच्या खोडातल्या पेशींना जनुकीय उपचारानं प्रकाश कळायला शिकवायचं आणि त्यांच्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवायची. चिपवर शेकडो सूक्ष्म दिवे. कोणता दिवा लागला, किती तेजानं, किती वेळ, यावरून मेंदू आवाज ओळखतो. दिवे कसे लावायचे हे ठरवते कानामागची डबी. तिच्यात माईक असतो आणि एक छोटा संगणक असतो. तो आवाजाचे तुकडे करतो आणि कातडीपलीकडच्या चिपला रेडिओलहरींनी हुकूम पाठवतो.

चिप जन्मभर टिकणारी होती. डबीचं आयुष्य मात्र आठ-दहा वर्षांचं. कंपनीनं त्या पहिल्या पिढीच्या चिपचा विभागच बंद केला तेव्हा रुग्णांना एक गोड ईमेल आला होता. प्रवासात सोबत दिल्याबद्दल आभार मानले होते आणि सुटे भाग यापुढे मिळणार नाहीत असं कळवलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "आतली चिप ठणठणीत आहे. ती काढून नवी बसवायची तर मेंदूच्या खोडाला पुन्हा हात लावावा लागेल. तो धोका मी घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका. बाहेरची डबी बदलायचं बघा."

आणि डब्या तर बाजारात ढिगानं होत्या! जुनीपेक्षा हलक्या, जुनीपेक्षा हुशार. त्या ओपन सोर्स प्रणालीवर चालत. म्हणजे ज्या संगणकप्रणालीची प्रत्येक ओळ जगासमोर उघडी असते, कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी, अशी प्रणाली. अडचण एकच होती. नवी डबी हर्षदाच्या डोक्यावर ठेवली की तिच्या पडद्यावर अक्षरं उमटत, "अनोळखी उपकरण".

चिपला स्वतःची बोली असते. डबीची प्रणाली दुसरी बोली बोलते. दोघींच्या मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपनीनं आपला दुभाष्या कधीच उघडा केला नव्हता, आणि आता तर तिनं त्याला कायमचं कुलूप घातलं होतं.

त्या कुलपाची किल्ली हर्षदाच्या घरातच होती. तिचा नवरा तन्मय.

तन्मय शेटे त्या कंपनीत इंजिनिअर होता. चाचणीच्या दिवसांत हर्षदाची चिप जुळवायला रोज समोर बसणारा, "आता कसं वाटतंय?" असं शंभरदा विचारणारा माणूस तोच. दुभाष्याचा निम्मा भाग त्यानं लिहिला होता. विभाग बंद झाल्यावर तो सांगलीच्या तंत्रनिकेतनात शिकवू लागला, पण गुप्ततेचा करार जन्मभराचा होता.

तासगावहून ती परतली त्या संध्याकाळी तन्मय म्हणाला, "मी करतो. मला बरंचसं आठवतंय. नवी डबी आणू, तुझ्यापुरतं लिहून देतो. कुणाला कळायचं कारण नाही."

हर्षदाला त्या क्षणी "हो" म्हणायचं होतं. पण महिन्याभरापूर्वीच, जुनी डबी कुरकुरायला लागल्यावर, ती एका मंडळीत सामील झाली होती.

ही मंडळी चालवायची वसईची जेसिंता तुस्कानो. ती प्रोग्रामर होती आणि तिच्या वडिलांच्या, आग्नेलकाकांच्या डोक्यात हीच चिप होती. त्यांची डबी केव्हाच मेली होती. जगभरात या चिपची चारेकशे माणसं शिल्लक होती आणि त्यातली बरीचशी मुकाट्यानं बहिरी होत चालली होती. ज्यांच्या जुन्या डब्या अजून चालू होत्या, त्यांनी एक करायचं. डबी आणि डोकं यांच्यामध्ये तारेचं एक वेटोळं ठेवायचं, ठरलेले आवाज ऐकायचे आणि त्या वेळी कोणत्या लहरी जातात-येतात ते नोंदवून पाठवायचं. आवाज माहीत, लहरी माहीत, तर मधली बोली हळूहळू उलगडते. परक्या गावात भाषा कानांनी शिकावी तशी.

जेसिंतानं पहिल्याच व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं. "हर्षदाताई, आपल्या अंगातल्या यंत्राला जुळणारं यंत्र आपण बनवलं तर कायदा आड येत नाही. बाहेरून बघायचं, मोजायचं, तर्क करायचा. पण ज्यानं कंपनीच्या आतलं पाहिलंय, त्याच्या तोंडून एक शब्द जरी आपल्यात आला, तर तो माल चोरीचा ठरतो. मग सगळंच बुडालं. तुमचे मिस्टर तिथं होते ना?"

"होते."

"मग घरात भिंत घाला. विषयच काढू नका."

म्हणून हर्षदा तन्मयला म्हणाली, "माझ्यापुरतं केलंस, तर मी पाठवलेल्या नोंदींवर कोण विश्वास ठेवेल? आणि आग्नेलकाकांना कोण लिहून देईल?"

"मला तुझं पडलंय."

"माहीत आहे. म्हणूनच तुला सांगावं लागतंय की नको."

तन्मय उठून गॅलरीत गेला. कपडे वाळले नव्हते तरी काढू लागला.

काम पुढं सरकत होतं. थंडी सुरू होता होता मंडळीचा कच्चा दुभाष्या तयार झाला. पक्का होईपर्यंत तो चाचणीच्या मोजक्या नव्या डब्यांतच घालायचा असं ठरलं, त्यातली एक हर्षदाकडे आली. शांत खोलीत तिच्यातून माणसांचं बोलणं चक्क स्वच्छ ऐकू यायचं. पण मधेच आवाज गडप व्हायचा, जुन्या डबीत तासगावला झाला होता तसाच. मंडळीतले बहुतेक जण म्हणत की बाहेरच्या वायफायचा, विजेच्या तारांचा गोंधळ असणार, गाळणी लावू. गाळण्या लावून झाल्या. आवाज तुटायचा तो तुटतच राहिला.

घरात भिंत होती. जेवताना पाहुण्यांचं, कॉलेजचं, वरच्या मजल्यावरच्या गळतीचं बोलणं व्हायचं. पण माणूस चोवीस तास पहाऱ्यावर कसं राहणार? एका दुपारी आमटी वाढता वाढता हर्षदा आपल्याच नादात बोलून गेली, "शांत बोलणं नाही तुटत. मोठा आवाज बराच वेळ चालला की तुटतं. जसं काही आत तापतंय..."

तन्मयचा भाकरी मोडणारा हात थांबला.

क्षणभरच. पुढच्या क्षणी त्यानं घास घेतला आणि म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे."

आमटीत मीठ बरोबर होतं. हर्षदानं पळी खाली ठेवली. वर्षभर फक्त चेहऱ्यांवर जगलेली बाई होती ती, तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"तू मुद्दाम विचारलंस?" तन्मयचा चेहरा उतरला होता.

"नाही रे. तोंडातून गेलं."

"मीही मुद्दाम नाही थांबलो." त्यानं ताट बाजूला सारलं. "हे बघ, कल्पना तुझीच होती. मी काहीच बोललो नाही. तुझं म्हणून सांगून टाक त्यांना. खोटं कुठंय त्यात?"

खोटं नव्हतंच. दोन दिवस ती त्या वाक्याभोवती फिरत राहिली. तर्क तिचा होता हे खरं. पण असे दहा तर्क तिच्या डोक्यात होते. दहातला हाच धरायचा, हे कुणी सांगितलं? त्याच्या थांबलेल्या हातानं.

तिसऱ्या दिवशी तिनं जेसिंताला कॉल लावला आणि सगळं सांगितलं.

पडद्यावर जेसिंतानं डोळे पुसले.

"ताई, हे मला का सांगितलंस? मला कळलं म्हणजे आता मीही त्या भागातून बाहेर. समजतंय ना? आवाज तुटण्याचा प्रश्न आता मी हातात धरू शकत नाही. आणि तो मीच बघत होते."

"मग कुणाला सांगायला हवं होतं?"

"मलाच." जेसिंतानं नाक ओढलं. "दुसऱ्या कुणाला सांगितलं असतंस तर जास्त पसरलं असतं. पण पप्पा रोज सकाळी माझ्या लॅपटॉपकडे बघतात गं. त्यांना काय सांगू?"

तिनं तो भाग परदेशातल्या दुसऱ्या गटाकडे सोपवला. का, ते सांगितलं नाही. फक्त "मी आणि हर्षदा यापुढे या प्रश्नावर नाही" एवढंच सगळ्यांना उघडपणे कळवलं. हर्षदानं चाचणीची डबी वसईला पाठवून दिली. ती आग्नेलकाकांनी वापरावी असं ठरलं. तुटक का होईना, त्यांना ऐकू तरी येईल.

त्याच आठवड्यात तन्मयनं बॅग भरली. "मी कोल्हापूरला दादाकडे राहतो. तिथून कॉलेजला ये-जा करीन."

"मला राग आलेला नाही."

"मला माहीत आहे. पण माझा चेहरा माझ्या ताब्यात नाही, हर्षदा. उद्या तू आणखी काही बोलशील आणि माझी भुवई हलेल. हे काम संपेपर्यंत तू मला बघू नयेस हेच बरं."

नवरा-बायकोत भांडण होऊन कुणी घर सोडतं. हे दोघं भांडण नसताना वेगळे झाले, आणि शेजारच्या बायकांना ते पटवणं अशक्य होतं. फोनवर चेहरा न दाखवता ते फक्त लिहून बोलत. गॅस आला का. पाणी येतंय का. दादाच्या मुलीला गोवर झालाय.

मार्चमध्ये जुनी डबी बंद पडली. हर्षदा कुकर लावत होती. दुसरी शिट्टी अर्ध्यावर गेली आणि परत आलीच नाही. वाफ उडताना दिसत होती, आवाज नव्हता. तिनं डबी काढून फुंकर मारली, बॅटरी बदलली, पुन्हा लावली. मग ती ओट्याला टेकून उभी राहिली. कोल्हापूर तासाभरावर होतं. एक ओळ लिहून पाठवली असती तर तन्मय निघून आला असता आणि पंधरा दिवसांत तिला ऐकू आलं असतं. तिनं हातात घेतलेला फोन पुन्हा ठेवला.

उन्हाळा तिनं निःशब्द काढला. सकाळी मैदानावर जाऊन मुलींना पकडी शिकवायची, तिथं कान लागत नाहीत. मुली हातवारे शिकल्या. गौतमीनं तर एक खास खूण काढली होती. दोन बोटं कपाळाला लावली की "मॅडम, मागं बघा". तिच्या मनात राग नाही हे हर्षदाला त्या खुणेनं कळलं.

उत्तर आलं ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडून. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात लुसिया नावाची एक शिक्षिका होती, तिलाही हीच चिप. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथं भर उन्हाळा. तिनं पाठवलेल्या डिसेंबर-जानेवारीच्या नोंदींत आवाज सारखा तुटत होता, आणि त्याच दिवसांत बर्फात राहणाऱ्या नॉर्वेतल्या रुग्णाचा जवळजवळ तुटतच नव्हता. दोघांकडे डबी तीच, दुभाष्या तोच. मग वेगळं काय? ऊन. हे लक्षात आल्यावर त्या गटानं चिपकडून उलट येणाऱ्या लहरी पहिल्यांदाच नीट तपासल्या.

दिवे लागले की उष्णता होते. मेंदूला ती सोसत नाही, म्हणून चिप स्वतःचं तापमान मोजते आणि मर्यादेजवळ आली की डबीला विचारते, "तापलेय, चालू ठेवू?" डबीनं लगेच उत्तर द्यायला हवं, "तेज कमी कर, पण थांबू नकोस." उत्तर आलं नाही की चिप सावधपणे सगळे दिवे विझवते. हर्षदाच्या जुन्या डबीचा ऐकणारा भाग झिजला होता, तिला प्रश्नच ऐकू जात नव्हता. आणि मंडळीच्या दुभाष्याला तर असा प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हतं. तो आपला एकटाच बोलत सुटला होता.

उत्तर द्यायचं कसं, हे त्या गटानं दीड महिन्यात बसवलं.

लगेच नोटीस आली. कंपनीचे हक्क विकत घेतलेल्या दुसऱ्या एका कंपनीचा आरोप होता की हा दुभाष्या चोरलेला आहे, कारण मंडळीतल्या एका बाईचा नवरा आमचा माजी इंजिनिअर. पुण्यात लवादासमोर सुनावणी झाली. हर्षदापुढं पडदा ठेवला होता, त्यावर वकिलाचे शब्द उमटत होते.

"या प्रश्नातून बाहेर पडल्याचं तुम्ही जाहीर केलं होतंत. म्हणजे तापमानाची गोष्ट तुम्हाला या गटाच्या आधी कळली होती. खरं की नाही?"

"खरं आहे."

"नवऱ्याकडून?"

"जेवताना त्याचा हात थांबला, त्यावरून."

सभागृहात कुणीतरी हसलं असावं, लवादानं तिकडं मान वळवली.

"आणि ते तुम्ही पुढं सांगितलं."

"एकीलाच. त्यानंतर आम्ही दोघी त्या कामातून बाहेर पडलो. मार्चपासून आजपर्यंत मला काहीही ऐकू येत नाही. माझा नवरा कोल्हापूरला राहतो. मला ते वापरायचं असतं, तर मी इथं पडद्यावर वाचत बसले असते का?"

वकील खाली बसला. लुसियाच्या गटाचं काम पहिल्या नोंदीपासून सगळं उघड्यावर झालं होतं. कोणता तर्क कुठून आला हे कुणालाही बघता येत होतं आणि त्यात सांगलीचा धागा कुठंच नव्हता. दावा फेटाळला गेला.

पावसाळा सरत आला तेव्हा जेसिंता वडिलांना घेऊन मिरजेला आली. दवाखान्यात हर्षदाच्या कानामागं नवी डबी बसली. सुरुवातीला नुसतीच खरखर, पत्र्यावर वाळू ओतावी तशी. मेंदूला नव्या दुभाष्याचा उच्चार लागायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तासाभरानं खरखरीतून एक जाड, खवखवीत आवाज वर आला.

"बाय, चहा मिळंल का कुठं? ही मला कवापासून उपाशी फिरवते."

आग्नेलकाका होते. हर्षदा हसली, मग रडली आणि मग खरंच चहा आणायला निघाली.

तन्मय बाहेर बाकावर बसला होता. कोल्हापूरहून बॅग घेऊनच आला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यानं सवयीनं मान खाली घातली.

"आता बघितलंस तरी चालतं," ती म्हणाली.

दसऱ्यापर्यंत सगळं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. संघटनेनं तिची चाचणी घेतली आणि पुढच्या हंगामापासून पंच म्हणून बोलावलं. मंडळीच्या दुभाष्यावर आता अडीचशे माणसं ऐकत होती आणि जेसिंता नव्या आलेल्यांना शिकवून शिकवून घसा बसवून घेत होती.

एका रविवारी हर्षदा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तन्मय गॅलरीत कपडे वाळत घालत होता. दोघांच्या मध्ये एक खोली आणि अर्धवट लोटलेलं दार होतं.

"हर्षदा, चिमटे कुठं गेले?"

"खिडकीत बघ, बरणीमागं."

बरणी सरकल्याचा आवाज आला, मग त्याचाच, जरा वेगळा. "ते उघडं केलेलं काम मी काल वाचलं. आता वाचायला हरकत नाही ना?"

"नाही. कसं वाटलं?"

"उत्तर द्यायची त्यांची पद्धत..." चिमटा दोरीला लावल्याचा आवाज आला. "मला नसती सुचली. आम्ही चिपला घाबरून होतो. त्यांनी तिला बोलू दिलंय."

हर्षदाचे हात कणकेत थांबले. "थांब, येते. तोंड बघू दे तुझं, हे म्हणताना."

"नको," तन्मय म्हणाला, "तिथूनच ऐक."

ती तिथंच उभी राहिली. त्यानं सांगायला सुरुवात केली. काय त्याला आवडलं, कुठं तो चकित झाला आणि ते वाचताना त्याला तिची किती आठवण आली. ती कणीक मळत ऐकत राहिली.